तिसऱ्या नळीतली सुई

सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. सुईवरून जंगल गाठणारा एकच पाहिला, आणि तो नेमका माझा नवरा निघाला.

सुई म्हणजे पाइनच्या झाडाचं पान. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, मधे जरा वाकलेलं. ते त्याने एका छोट्या काचेच्या कुपीत, ग्लिसरिनमध्ये घालून टेबलावर ठेवलं होतं. कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी कुपी यायची. "ही सहा हजार वर्षांची आहे," असं तो हळू आवाजात सांगायचा, आणि पाहुणाही मग उगाच हळू आवाजात बोलायला लागायचा. मी शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली असायचे आणि दातओठ खायचे.

आमचा धंदा चिखलाचा. तलावाच्या तळाशी दर वर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो. त्यात त्या वर्षीची धूळ असते, राख असते आणि आजूबाजूच्या झाडाझुडपांचे परागकण असतात. परागकण भारी चिवट, हजारो वर्षं गाळात पडून राहिला तरी त्याचं कवच सडत नाही. हिवाळ्यात तलाव गोठला की आम्ही बर्फाला भोक पाडतो, त्यातून एक लांब नळी तळात खुपसतो आणि गाळ वर काढतो. मग त्याच भोकातून दुसरी नळी, पहिलीपेक्षा खोल. मग तिसरी. प्रयोगशाळेत आल्यावर तो गाळ आम्लात उकळायचा, वाळूमाती घालवायची, उरलेला थेंब काचेवर घ्यायचा आणि मोजत बसायचं. हा गवताचा, हा खुरट्या बर्चचा, हा विलोचा. कोणत्या काळात तिथे काय उगवत होतं ते कळलं की तेव्हा थंडी किती होती तेही कळतं. मोजायचं काम माझं. त्यावर बोलायचं काम त्याचं, कारण तो विभागप्रमुख. घरी मी त्याला अरे-तुरे करते, लॅबमध्ये सर म्हणते, आणि डोकं फिरलं की दोन्हीकडे नुसती बघते. त्या वर्षी मी बरंच बघत होते.

हा जो तलाव होता, त्याच्या काठावर एक वस्ती आहे. तिथे माझी नणंद राहते. सगळी वस्ती तिला ताई म्हणते आणि तिला घाबरते. नवरा गेल्यावर तिने त्याची बेकरी एकटीने चालवली, लेकीला वाढवलं, लेकीचं लग्न करून दिलं. माझं आणि तिचं कधी जमलं नाही. एवढं शिकून मी दिवसभर करते काय, तर धूळ मोजते, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून तिने मला 'धूळवाली' म्हणायला सुरुवात केली. माझ्याच लग्नाच्या फोटोमागे तिने तसं लिहून ठेवलं आहे.

ती वस्ती गोठलेल्या जमिनीवर उभी आहे. वरची हातभर माती उन्हाळ्यात सुटते, पण खाली बर्फच बर्फ, हिमयुगापासूनचा. तो आहे तोवर घरं उभी. गेली काही वर्षं उन्हाळे वाढले आणि तो वितळून घरांखालून सुटायला लागला. आधी दारं लागेनाशी झाली. मग भिंतींना भेगा पडल्या. शाळेची एक बाजू खचली तेव्हा सरकारने एक समिती नेमली. समितीने ठरवायचं होतं एवढंच: वस्ती उठवून पलीकडच्या खडकाळ जमिनीवर न्यायची, की आहे तिथेच टेकू लावून ठेवायची.

यात आमचा चिखल कुठून आला, तर असा. समितीला कुणीतरी सांगितलं की सहा हजार वर्षांपूर्वीही एक उबदार काळ होऊन गेला. तेव्हा इथे किती ऊब होती? माझ्या नवऱ्याने उत्तर दिलं की इतकी, की तलावाकाठी पाइनचं जंगल होतं. आज तिथे कंबरेएवढं झुडूप उभं राहत नाही. म्हणजे तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी ऊब असणार. आणि तेवढी ऊब सोसूनही जमिनीतला बर्फ टिकला, म्हणजे आजची ऊबही तो सोसेल. वस्ती हलवायची गरज नाही. हिशेब कसा गोळीबंद आहे बघा. फक्त जंगल खरं असायला हवं.

जंगल नव्हतं. मी मोजलं होतं ना.

पाइनचा परागकण गमतीशीर दिसतो, दोन्ही बाजूंना दोन फुगे, उंदराचं तोंड आणि कान असल्यासारखा. त्या फुग्यांमुळे तो वाऱ्यावर कुठच्या कुठे जातो. दक्षिणेकडच्या जंगलातून निघालेला पराग उघड्या माळावरच्या तलावात येऊन पडतो. आणि माळावर स्वतःचं असं उगवतच थोडं, त्यामुळे तिथला पराग कमी, आणि बाहेरून आलेला पाइन टक्केवारीत मोठा दिसतो. चार माणसांच्या घरी चार पाहुणे आले म्हणून निम्मं घर पाहुण्यांचं होत नाही. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. माझ्या नवऱ्याने स्वतः शिकवलं आहे.

झाड जागेवर असेल तर दुसऱ्या खुणा राहतात. पानं गळून पाण्यात पडतात, कुजतात, पण पानावरच्या श्वासाच्या छिद्रांच्या कडा गाळात शिल्लक राहतात. मी त्या काळातली प्रत्येक काच त्यासाठी पुन्हा पाहिली. एकही कड नव्हती. गाळ बारीक चाळणीतून धुऊन पाहिला. लव्हाळ्याच्या बिया, शेवाळ, बुटक्या विलोची नखाएवढी पानं. पाइनचं काही नाही, सालीचा कपटासुद्धा नाही. होती ती फक्त ती एक सुई, आणि ती मला सापडली नव्हती, त्याला सापडली होती.

"कुठे सापडली?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तिसऱ्या नळीत."

"नळीत कुठे?"

"वर. तोंडाशी."

इथे मला जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा राग बाईचा चिडकेपणा वाटेल. एक नळी काढली की भोक रिकामं राहतं. पुढची नळी आत जाईपर्यंत कडेचा गाळ ढासळतो, वरून काय काय पडतं, आणि ते सगळं पुढच्या नळीच्या तोंडात जाऊन बसतं. म्हणून प्रत्येक नळीचं तोंड चार बोटं कापून टाकून द्यायचं. हा नियम आमच्याकडे दात घासण्याइतका साधा आहे. आणि त्या दिवशी तलावावर बर्फ इतका गुळगुळीत होता की आमचे पाय ठरत नव्हते. म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरने दक्षिणेहून येताना आणलेल्या पाइनच्या फांद्या आम्ही भोकाभोवती अंथरल्या होत्या. मी तिथे होते. दोर माझ्या हातात होता. दिवसभर त्या फांद्या आमच्या बुटांखाली चुरडत होत्या.

"तू तोंड कापलं नाहीस?" मी विचारलं.

"गाळ कमी होता. वाया घालवायचा नव्हता."

"अरे, मग ती फांद्यांमधली सुई आहे. भोकात पडली, तळाला गेली, नळीत शिरली."

"म्हणजे माझी सुई खोटी?"

"सुई खरी आहे. तिचं वय खोटं आहे."

त्याचा चेहरा पडला नाही. उलट तो मला समजावायला लागला. ताज्या सुईचा रंग वेगळा, ही कशी गडद आहे, ही कशी ठिसूळ आहे. मी म्हटलं, वाद कशाला, कार्बनवाल्याकडे पाठवू, कार्बन मोजून तो वय सांगेल. यावर त्याने कुपी मुठीत धरली. वय काढायचं तर सुई जाळावी लागते. जाळली की संपली. "अख्ख्या तलावात एक मिळाली आहे, आणि तू ती जाळायला निघालीस?" तो म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. मी वर्षभर तेच तेच सांगत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

मी हे सगळं सोडून दिलं असतं. खरंच सांगते. विद्वानांच्या चुका कागदावर होतात आणि कागदावरच मरतात, त्यांच्यापायी कुणाचं छप्पर पडत नाही, असं मला वाटायचं. मग त्या शरद ऋतूत आम्ही दोघं ताईकडे गेलो.

बेकरीत शिरताच मी दाराची चौकट धरली. जमीन भट्टीच्या बाजूला उतरत होती. भट्टी गरम, म्हणून तिच्याखालचा बर्फ सगळ्यांच्या आधी सुटलेला. भट्टीत पीठ एका अंगाला सरकायचं आणि पाव एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ निघायचे. ताईने त्यावरही मार्ग काढला होता. दाताने अधू म्हाताऱ्यांना ती पातळ बाजू कापून द्यायची आणि शाळेतल्या पोरांना जाड. "कुणाची तक्रार नाही," ती म्हणाली. आतल्या खोलीत लेक बाळाला घेऊन बसली होती. जावई जहाजावर असतो, म्हणून बाळंतपणाला आली ती अजून इथेच होती. पाळण्याच्या दोन पायांखाली विटा होत्या आणि दोन पायांखाली काही नव्हतं. पाळणा बरोबर सरळ उभा होता, एवढी ती खोली वाकडी होती. पाळण्यामागच्या भिंतीत माझा हात जाईल एवढी भेग, तिच्यात गोधडी कोंबलेली.

ताईने भावाला विचारलं, "खरं सांग. जमीन राहील ना रे?"

"ताई, या जमिनीने याहून जास्त ऊब पाहिलेली आहे," तो म्हणाला. "तेव्हा नाही गेली, आता कशी जाईल? टेकू लावून घेऊ."

मला राहवलं नाही. "ताई, मला तसं वाटत नाही," मी म्हटलं. "माझ्या मोजणीत जंगल दिसत नाही. या बर्फाने एवढी ऊब कधीच पाहिलेली नाही. तुम्ही लेकीला आणि बाळाला घेऊन आमच्याकडे चला."

ताईने पाव कापायची सुरी खाली ठेवली. "धूळवाली," ती म्हणाली, "माझा भाऊ या तलावावर तुझ्या लग्नाच्या आधीपासून येतोय. त्याला तू शिकवणार?"

आणि तो गप्प बसला. मान खाली घालून पावाचा तुकडा खात बसला. बायको आणि बहीण यांच्यात पडायचं नाही म्हणून गप्प बसला असेल, असं तेव्हा मला वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. परतीच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढून त्या विटा हलेनात.

परत आल्यावर मी कुपी उघडली आणि सुई काढून घेतली.

हे चोरी म्हणून सांगायचं तर सांगा. मी चिमट्याने सुई उचलली, धुतली, वाळवली, पुडीत घातली आणि नेहमीच्या पार्सलात कार्बनवाल्याकडे पाठवली. नमुने पाठवायचं काम माझंच असतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. मग मी बसस्टॉपजवळच्या पाइनखालून एक सुई उचलून आणली, दोन दिवस काळ्या चहात भिजवली, बेताने वाकवली, मूळ सुईचं टोक तुटकं होतं म्हणून हिचंही तोडलं आणि कुपीत घातली. पुढे कितीतरी दिवस माझा नवरा बसस्टॉपची सुई पाहुण्यांना सहा हजार वर्षांची म्हणून दाखवत होता. ताज्या सुईचा रंग वेगळा असतो म्हणणारा हाच. हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून मी मोजत बसायचे.

तोवर समितीची शेवटची बैठक आली. ती वस्तीतच, शाळेच्या सभागृहात होती. तो तीन दिवस आधीच गेला, समितीला तलाव दाखवायला. मी प्रयोगशाळेत एकटी होते तेव्हा कार्बनवाल्याचा फोन आला. हा माणूस दुसऱ्या शहरात असतो, आम्हा दोघांना पूर्वीपासून ओळखतो, आणि सगळ्यांच्या नमुन्यांची वयं सांगता सांगता सगळ्यांच्या घरची खबर घेतो.

"वहिनी, तुमच्या सुईचा निकाल आलाय," तो म्हणाला. "पण मला एक सांगा, पुन्हा का पाठवली?"

"पुन्हा म्हणजे?"

"म्हणजे गेल्या हिवाळ्यात सर आले होते ना इकडे परिषदेला, तेव्हा त्यांनी टोक दिलं होतं कापून. तीच ना ही? आमच्याकडे उत्तर तेच आहे. आजकालची आहे हो. अणुबॉम्बच्या चाचण्यांनंतर हवेत जो कार्बन वाढला, तो हिच्यात भरपूर आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा तरुण सुई. सरांना मी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, बरं झालं, शंका फिटली. का हो, काही झालं का?"

मी म्हटलं, काही नाही, आणि फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती जाताना कळते, गुडघ्यापर्यंत आली, पोटापर्यंत आली असं कळतं. वर्षभर मी याला हट्टी समजत होते. मूर्ख समजत होते. आपल्या लाडक्या कल्पनेवर भाळलेला, म्हातारा होत चाललेला माणूस समजून मी त्याच्यावर चिडत होते आणि रात्री त्याच्या अंगावर पांघरूणही घालत होते. मूर्खावर रागावता येतं, त्याच्याबरोबर राहताही येतं. त्या माणसाने मात्र सुईचं टोक कापलं, शंभर माणसांच्या परिषदेत खिशातून नेलं, खरं काय ते ऐकलं, आणि घरी येऊन उरलेली सुई कुपीत ठेवली. मग ताईच्या बेकरीत बसून, जमिनीच्या त्या उतारावर बसून, टेकू लावून घेऊ म्हणाला.

मी पहिली बस पकडली.

सभागृहात पोचले तेव्हा बैठक सुरू झालेली होती. वस्ती सगळी आलेली, पोराबाळांसकट. सभागृहाची खुर्च्यांची रांगसुद्धा एका बाजूला उतरत गेलेली. ताई पुढच्या रांगेत बसली होती, शेजारी लेक, लेकीच्या मांडीवर बाळ. मी ताईच्या बाजूला जाऊन बसले. "तू कशाला आलीस?" ती पुटपुटली. मंचावर समितीच्या अध्यक्ष बाई होत्या. पूल बांधण्यात आयुष्य घालवलेल्या इंजिनियर, पांढरे केस, कमी बोलणाऱ्या. माझा नवरा उभा राहून बोलत होता. मागे पडद्यावर सुईचा फोटो, माणसाएवढा मोठा केलेला.

"ही सुई," तो म्हणत होता, "सहा हजार वर्षांपूर्वी याच काठावरच्या झाडावरून गळली."

मी उभी राहिले. "तिचं वय काढलंय का, सर?"

त्याने मला तेव्हा पाहिलं. तो काही बोलण्याआधी अध्यक्ष बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"मी या तलावाचा गाळ मोजते. हे जे सगळे आकडे दाखवले जात आहेत, ते मोजणारी मी. आणि यांची बायको."

लोक हसले. मी हसू संपेपर्यंत थांबले आणि मग सगळं सांगितलं. भोकाभोवतीच्या फांद्या, न कापलेलं नळीचं तोंड, एकाही काचेवर न सापडलेल्या कडा. मी सुई काढून पाठवली हे सांगितलं. निकाल सांगितला. कार्बनवाल्याचा नंबर दिला, आत्ता फोन लावा म्हटलं. मी ओरडत नव्हते.

अध्यक्ष बाईंनी त्याच्याकडे मान वळवली. "हे खरं आहे?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एका सुईवर काही ठरत नसतं," तो म्हणाला. "परागकणांचे आकडे आहेत, व्यापक चित्र आहे."

"तीन दिवस तुम्ही आम्हाला हीच एक सुई दाखवताय," बाई म्हणाल्या. "तिच्यावर काही ठरत नसेल तर मग आम्ही काय ठरवत होतो?"

"माझ्या परवानगीशिवाय नमुना नष्ट करण्यात आला आहे. हा गंभीर गैरप्रकार आहे." आता तो माझ्याकडे बघत होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

"ती आधीच जाळलेली होती," मी म्हटलं. "तू जाळलीस. गेल्या हिवाळ्यात टोक कापून तू स्वतः नेऊन दिलंस. तुला तेव्हाच उत्तर मिळालं होतं, आणि तू कुणाला ताकास तूर लागू दिली नाहीस. नाही म्हण, मी त्याला आत्ता फोन लावते."

तो नाही म्हणाला नाही. अध्यक्ष बाईंनी समोरचा मसुदा मिटला आणि बाजूला सरकवला. शेजारच्या सदस्याला त्या हळू म्हणाल्या, "पलीकडच्या जमिनीचे नकाशे काढा." ते पहिल्या रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं. मागे कुणीतरी रडायला लागलं, कुणी टाळी वाजवली आणि एकटीच वाजली म्हणून थांबवली.

मी जिंकले होते, म्हणायचं तर. मला तसं काही वाटलं नाही. मला अजून त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मग ताई उठली. ती माझ्यावर तुटून पडेल, अशी मी मनाची तयारी केली. भावाविरुद्ध चारचौघांत बोलणारी धूळवाली. पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुला कधी कळलं?" तिने त्याला विचारलं.

"ताई, हे इतकं सरळ नसतं. अख्ख्या आयुष्याचं काम आहे माझं, एका निकालाने…"

"कधी कळलं?"

"गेल्या हिवाळ्यात," तो म्हणाला. "परिषदेला गेलो तेव्हा."

ताई मान हलवत राहिली, मनाशी काहीतरी जुळवत असल्यासारखी. "परिषदेहून परत आलास आणि तुला मी फोन केला होता," ती म्हणाली. "लेकीला दिवस गेलेत, बाळंतपण तिकडे शहरात करू की इकडे आणू, असं विचारलं होतं मी. भिंतीला भेग पडली आहे तेही सांगितलं होतं. तू म्हणालास, आण, तुझं घर भक्कम आहे."

लेकीने बाळ छातीशी धरलं होतं आणि ती मामाकडे बघत होती, त्याने हे खोटं आहे म्हणावं म्हणून थांबल्यासारखी. तो मात्र पडद्याकडे बघत होता, स्वतःच्याच सुईकडे.

ताईने लेकीच्या हातून बाळ घेतलं. मंचाच्या पायऱ्या चढताना तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, आणि मधे येणाऱ्या सदस्याला नुसत्या मानेने बाजूला केलं. तिने बाळ भावाच्या हातात दिलं आणि त्याचे हात नीट बाळाच्या पाठीखाली लावले, नवख्या माणसाला शिकवतात तसे.

"आम्ही दोघी घरातलं सामान बाहेर काढतो," ती म्हणाली. "तोवर हा तुझ्याकडे. घरात आणायचा नाही त्याला. ते घर भक्कम नाहीये."

ती खाली उतरली, लेकीला घेऊन निघाली, आणि जाता जाता माझ्यापाशी थांबली. "चल, तूही चल," ती म्हणाली. "कपाट जड आहे."

बाळ रडायला लागलं. माझ्या नवऱ्याला ते ना नीट छातीशी धरता येत होतं, ना खाली ठेवता येत होतं, आणि सगळी वस्ती बघत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाळ जरासं पुढे केलं.

मी घेतलं नाही. मी ताईच्या मागे कपाट उचलायला गेले.